वाचकांचे प्रश्न : गाडी न येणाऱ्या स्टेशनाचा इतिहास

प्रश्न : आमचे गाव दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जी यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. गावापासून दीड-दोन किलोमीटरवर शकुंतला गाडीचे जुने स्टेशन आहे. त्याचे छप्पर पडले असून फलाटावर बाभळी माजल्या आहेत. हे स्टेशन १९०३ सालचे असल्याचे काही जण सांगतात, तर काहींच्या मते ते पहिल्या महायुद्धाच्या सुमाराचे आहे. एवढ्या लहान गावाला स्टेशन कसे मिळाले, ते गावापासून इतके दूर का बांधले आणि ते कशामुळे बंद पडले? शाळेच्या उपक्रमासाठी विद्यार्थ्यांकडून त्याचा इतिहास लिहून घ्यावयाचा आहे. तो कोठे शोधावा?
— एक शिक्षिका, दर्यापूर तालुका

उत्तर : आपल्या पहिल्याच प्रश्नात एक गृहीत दडलेले आहे, ते आधी दूर करावे लागेल. स्टेशन गावाला मिळाले, असे आपण म्हणता. प्रत्यक्षात ते कापसाला मिळाले होते. मूर्तिजापूरहून उत्तरेकडे अचलपूरपर्यंत आणि दक्षिणेकडे कारंजा, दारव्हा या मार्गाने यवतमाळपर्यंत गेलेली ही दोन फूट सहा इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची नॅरोगेज लाइन उतारूंच्या सोयीसाठी आखलेली नव्हती. अचलपूरची शाखा सुमारे ७६ किलोमीटरांची आणि यवतमाळची सुमारे ११३ किलोमीटरांची. या दोन्ही शाखांच्या वाटेत वऱ्हाडातील उत्तम काळी जमीन आहे, आणि त्या जमिनीतला कापूस मुख्य मार्गापर्यंत आणणे हाच त्यांचा उद्देश होता.

त्यामागची कथा थोडी मागून सांगावी लागते. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडू लागल्या आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग भुसावळहून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, तोपर्यंत ते युद्ध संपले होते आणि भावही उतरले होते. पण मार्ग तयार झाला होता. पाठोपाठ १८७० मध्ये जलंबहून खामगावला आणि १८७१ मध्ये बडनेऱ्याहून अमरावतीला छोट्या शाखा निघाल्या, कारण कापसाच्या या दोन मोठ्या पेठा मुख्य मार्गापासून थोड्या बाजूला पडल्या होत्या.

अचलपूर आणि यवतमाळ मात्र फार आत होती. अचलपूर ही इमादशाहीची जुनी राजधानी आणि लगतचे परतवाडा ही छावणी असली, तरी पावसाळ्यात काळ्या मातीतून बंडी चालत नसे आणि उन्हाळ्यात बैलांना वाटेत पाणी मिळत नसे. या भागात रूळ टाकण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत झाले. किलिक निक्सन या मुंबईतील इंग्रज पेढीच्या व्यवस्थापनाखालील सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने भांडवल उभारून लाइन बांधली आणि गाड्या चालविण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुलाकडे सोपविले. पुलगाव ते आर्वी ही सुमारे ३५ किलोमीटरांची वर्धा जिल्ह्यातील लाइनही याच कंपनीची.

'मँचेस्टरला कापूस नेण्यासाठी शकुंतला' हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा छापले गेले आहे की ते तपासून पाहण्याची कोणाला गरज वाटत नाही. माझ्या मते ते अर्धेच खरे आहे. १८६० च्या दशकातील मुख्य मार्गाला ते लागू पडते. नॅरोगेज बांधली गेली तोपर्यंत मात्र वऱ्हाडच्या आखूड धाग्याच्या कापसाची लँकेशायरला फारशी गोडी उरली नव्हती. त्याचे मोठे गिऱ्हाईक होत्या मुंबईच्या गिरण्या, १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल आणि जपान. योगायोग असा की या मार्गावर पुढे सत्तर वर्षे राबलेले वाफेचे इंजिन मात्र खरोखर मँचेस्टरला, १९२१ मध्ये तयार झालेले होते. ते १९२३ मध्ये येथे रुजू झाले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी डिझेल इंजिनाला जागा देऊन निवृत्त झाले.

आता स्टेशन गावापासून दूर का, याकडे वळू. कंपनी आपल्या पैशाने लाइन बांधत होती आणि मैलामागे खर्च किती येतो यावर तिचे सगळे गणित अवलंबून होते. नॅरोगेज निवडण्याचे कारणही तेच : रूळ हलके, भराव अरुंद, पूल लहान आणि वळणे आखूड घेता येतात. पूर्णेच्या खोऱ्यासारख्या सपाट प्रदेशात लाइन शक्यतो सरळ न्यायची, गावठाणात घरे पाडून मोबदला देत बसायचे नाही आणि गावालगतच्या नाल्याच्या पुरापासून लांब राहायचे, असा साधा हिशेब होता. स्टेशनाला जवळच्या गावाचे नाव द्यायचे आणि गावाने स्टेशनापर्यंत चालत यायचे. दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावाचे स्टेशनसुद्धा बनोसा या नावानेच ओळखले गेले, हे आपल्याला ठाऊकच आहे.

लाइनीचा मार्ग ठरल्यावर स्टेशन कोठे ठेवायचे, हे दोन गोष्टींवरून ठरत असे. पहिली गोष्ट, परिसरातील बंड्यांना एका दिवसात माल टाकून घरी परतता आले पाहिजे. दुसरी, जवळ जिन किंवा प्रेस असावी, निदान ती उभी राहण्याजोगी जागा असावी. कापसातून सरकी वेगळी केली की रुई साधारण एक तृतीयांश उरते, आणि तीही दाबून गठाण बांधली नाही तर वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात, वजन थोडे व जागा फार, अशी स्थिती होते. त्यामुळे जिन-प्रेस आणि मालधक्का यांची जोडी जमली की त्या स्टेशनाला किंमत येई. आपल्या स्टेशनाच्या आसपास एखाद्या जुन्या जिनाची चिमणी, पडका वाडा किंवा 'जिनाचे वावर' म्हणून ओळखली जाणारी जमीन आहे का, हे विद्यार्थ्यांना सर्वप्रथम शोधायला सांगावे. स्टेशनाची इमारत दोन खोल्यांची आणि मालधक्का तिच्यापेक्षा लांब, असे आढळल्यास नवल वाटू देऊ नये. लाइन कोणासाठी होती हे त्या मोजमापातच दिसते.

पाण्याची एक अडचण या पट्ट्याला विशेष होती. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट या तालुक्यांचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो, आणि खाऱ्या पाण्याने बॉयलरच्या नळ्यांत क्षारांचे थर बसतात. म्हणून वाफेच्या इंजिनाला पाणी कोठे भरायचे, हा प्रश्न येथे साधा नव्हता. आपल्या स्टेशनाजवळ उंच चौथरा आणि बाजूला बांधीव विहीर असेल, तर त्या विहिरीचे पाणी गोड आहे की खारे, हे चाखून पाहण्यापेक्षा गावातील वडीलधाऱ्यांना विचारावे. त्या उत्तरातून चौथरा टाकीचा होता की कसला, याचा बराच उलगडा होईल.

स्टेशन कशामुळे बंद पडले, या प्रश्नाला लोक सहसा शेवटच्या गाडीची तारीख सांगतात. यवतमाळ बाजूची गाडी आधी आणि अचलपूर बाजूची त्यानंतर, अशा दोन्ही गाड्या २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात थांबल्या. पण तो शेवट उतारूंचा होता. कापूस त्याच्या कितीतरी आधी रूळ सोडून गेला होता, आणि माझ्या दृष्टीने स्टेशनाचा खरा शेवट तोच. नॅरोगेजची वाघीण ब्रॉडगेजवर चालत नाही. म्हणजे अंजनगावला भरलेली प्रत्येक गठाण मूर्तिजापूरला उतरवायची, हमालांनी ती दुसऱ्या वाघिणीत चढवायची, तिची पुन्हा मोजदाद करायची आणि तोवर जागा मिळण्याची वाट पाहायची. पक्के रस्ते आणि नद्यांवर पूल नव्हते तोवर हा द्राविडी प्राणायाम परवडत होता. ट्रक थेट जिनाच्या फाटकात उभा राहू लागल्यावर तो कोणालाच परवडेना. १९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली तेव्हा बंड्यांच्या रांगा खरेदी केंद्रांबाहेर लागू लागल्या. मालधक्क्यावर त्या दिसण्याचे दिवस ओसरत चालले होते.

त्यानंतर जी गाडी उरली, ती गावकऱ्यांनी आपली करून घेतलेली गाडी होती. स्वस्त तिकीट, मंद गती, बाजाराच्या दिवशीची गर्दी, भाजीची गाठोडी, अंजनगावकडच्या पानमळ्यांतील पाने. मधल्या स्टेशनांवर कर्मचारी ठेवणे परवडेनासे झाले तेव्हा गाडीसोबतच्या मोजक्या माणसांनी तिकिटे देणे, फाटक लावणे, इंजिन जोडणे-सोडणे ही सारी कामे केली. पत्रे आणि वर्तमानपत्रे या काळाबद्दल फार हळवे होऊन लिहितात. त्यात खोटे काही नाही, पण आपल्या विद्यार्थ्यांच्या लेखात या काळाच्या बरोबरीने आधीचा मालवाहतुकीचा काळही यावा, नाहीतर स्टेशन का बांधले गेले हेच वाचणाऱ्याला कळणार नाही.

१९०३ की त्यानंतरचे, या वादात एकदम पक्ष घेऊ नये. कंपनीची जुळवाजुळव, सरकारी मंजुरी, कामाचा आरंभ आणि प्रत्यक्ष वाहतूक सुरू होणे या चार वेगवेगळ्या तारखा असतात, आणि निरनिराळे लेखक त्यांतील निरनिराळी तारीख उचलतात. शिवाय मार्ग तुकड्यातुकड्यांनी उघडले जात. आपल्या स्टेशनापुरती तारीख ठरविण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोन्ही बाजूंनी अंतर कमी करत आणणे. अमरावती जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर १९११ मध्ये निघाले. त्यात आपल्या परिसरातील गावांच्या वर्णनात रेल्वेचा उल्लेख कसा येतो, चालू लाइन म्हणून की होऊ घातलेली म्हणून, हे पाहावे. रेल्वे बोर्ड मार्गांच्या बांधकामाची आणि ते खुले झाल्याच्या तारखांची इतिवृत्ते छापत असे. ती मोठ्या ग्रंथालयांत पाहावयास मिळतात. सर्वेक्षण खात्याच्या एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाच्या जुन्या नकाशांवर लाइन आणि स्टेशने दोन्ही दाखविलेली असतात, आणि नकाशाच्या कोपऱ्यात पाहणीचे वर्ष दिलेले असते.

गावाच्या पातळीवरची साधने मला याहूनही मोलाची वाटतात, कारण ती आपल्याच गावाबद्दल बोलतात. भूमी अभिलेख कार्यालयातील गाव नकाशात रेल्वेसाठी घेतलेली जमीन लांब अरुंद पट्ट्यासारखी वेगळी दिसते. लाइन कोणाच्या वावरातून गेली हे त्यावरून शोधता येते, आणि त्या घरांत मोबदल्याच्या आठवणी किंवा कागद असण्याचा संभव असतो. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर तर आपल्या हाताशीच आहे. स्टेशन मास्तर, सांधेवाले, गँगमन यांची मुले त्याच शाळेत शिकली असतील, तर पालकांच्या व्यवसायाच्या रकान्यात ती नोंद सापडेल. कोणत्या वर्षी अशी पहिली नोंद आली आणि कोणत्या वर्षानंतर ती आली नाही, एवढे मुलांनी काढले तरी स्टेशनावर माणसे नेमलेली असण्याचा काळ बराचसा हाती येईल. मध्य रेल्वेची जुनी वेळापत्रके मिळाली तर दोन वेगवेगळ्या दशकांतील एकेक घेऊन गाड्यांची संख्या आणि मूर्तिजापूरपर्यंत लागणारा वेळ यांची तुलना करावी. गाड्या कमी होत गेल्या आणि प्रवासाचा वेळ वाढत गेला, असे दिसल्यास त्याचे कारणही शोधावे. उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या आणि पावसाळ्यात फुगणाऱ्या काळ्या मातीवरचा भराव सतत दुरुस्त करावा लागतो, आणि उत्पन्न आटलेल्या लाइनीवर ती दुरुस्ती होत नाही. मग वेगावर मर्यादा येते, वेग घटला की उतारू घटतात आणि उत्पन्न आणखी आटते.

प्रश्न : शकुंतला अजूनही इंग्रजांच्या मालकीची आहे, असे लहानपणापासून ऐकत आलो. स्वातंत्र्यानंतर सगळी रेल्वे सरकारजमा झाली असताना हे कसे शक्य आहे?
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १९२५ मध्येच सरकारच्या ताब्यात आली आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेचा भाग झाली. पण ती या नॅरोगेजची मालक नव्हती, केवळ चालक होती. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची. अशा शाखा-मार्ग कंपन्यांनी भांडवल घालायचे, मोठ्या रेल्वेने गाड्या चालवायच्या आणि उत्पन्नातून कंपनीला ठरलेला मोबदला द्यायचा, ही त्या काळी रूढ असलेली पद्धत होती. चालक बदलला तरी करार राहिला आणि मध्य रेल्वेही त्याच नात्याने ही लाइन चालवीत राहिली. किलिक निक्सन ही पेढी पुढे भारतीय हातांत आली, म्हणून 'इंग्रजांच्या मालकीची' म्हणण्यापेक्षा 'इंग्रजी काळातील खासगी कंपनीच्या मालकीची' म्हणणे अधिक योग्य होईल. या व्यवस्थेचा तोटा उघड आहे : रूळ बदलायचे कोणी, पूल दुरुस्त करायचे कोणी, या प्रश्नावर दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखविण्यास वाव राहतो. ब्रॉडगेजची मागणी जुनी आहे आणि २०१६ मध्ये रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्या कार्यकाळात रूपांतराची घोषणाही झाली. दरम्यान यवतमाळसाठी वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या ब्रॉडगेज मार्गाचे काम सुरू झाले असून त्यातील वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला. यवतमाळला मोठी गाडी मिळण्याची आशा त्यामुळे बळावली, पण त्या नव्या मार्गाचा दारव्हा-कारंजा-मूर्तिजापूर या जुन्या स्टेशनांना काही उपयोग नाही, ही तक्रार मला रास्त वाटते.

प्रश्न : अकोट-खंडवा मार्गावरील वान रोड आणि धूळघाट ही स्टेशने ओस पडली आहेत. तेथेही कारण हेच का?
— एक वाचक, अकोट तालुका

उत्तर : नाही, तेथील प्रकरण अगदी वेगळे आहे. तो मीटरगेज मार्ग होता, खासगी नव्हता, आणि त्यावरील वाहतूक आटल्यामुळे तो थांबला असेही म्हणता येत नाही. खंडव्याकडून येणाऱ्या या लाइनीने मध्य भारत आणि मराठवाडा-हैदराबाद हे दोन प्रदेश जोडले होते. सातपुडा उतरताना धूळघाटाजवळ ती स्वतःलाच वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून जाई, आणि ते वळण पाहण्यासाठी उतारू खिडकीशी गर्दी करीत. अकोल्याच्या दक्षिणेचा पूर्णा जंक्शनपर्यंतचा भाग आधीच ब्रॉडगेज झाला होता. उरलेल्या अकोला-खंडवा भागातील अकोटकडील गाड्या २०१७ च्या आरंभी रूपांतरासाठी बंद करण्यात आल्या. अकोल्याहून अकोटपर्यंत पुढे ब्रॉडगेज झालीही. अकोटच्या पुढे मात्र लाइन मेळघाट व्याघ्र प्रकल्पात शिरते, आणि रुंद रूळ, वाढलेला वेग व वाढलेल्या गाड्या जंगलातून नेण्यास वन्यजीव अभ्यासकांनी विरोध केला. हिवरखेड, सोनाळा, जामोद या बाजूने जंगलाबाहेरून मार्ग न्यावा, असा पर्याय पुढे आला. त्याने अंतर वाढते, पण वाटेतील बऱ्याच गावांना प्रथमच रेल्वे मिळते. हा पर्याय मला पटतो. तो प्रत्यक्षात आल्यास वान रोड आणि धूळघाट येथे पुन्हा गाडी येणार नाही, हे मात्र त्यासोबत मान्य करावे लागते.

प्रश्न : बंद लाइनीच्या कडेला पडलेल्या रुळाच्या तुकड्यावर इंग्रजी अक्षरे आणि साल आहे. त्यावरून लाइनीचे वय ठरवता येईल का? तो तुकडा ग्रामपंचायतीच्या आवारात आणून ठेवावा, असा तरुण मंडळींचा विचार आहे.
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : रुळाच्या उभ्या पट्टीवर कारखान्याचे नाव आणि तो तयार झाल्याचे साल उठवलेले असते. ते रुळाचे जन्मसाल असते, लाइनीचे नव्हे. हलक्या लाइनींवर दुसरीकडून काढलेले जुने रूळ सर्रास टाकले जात आणि पुढच्या दुरुस्त्यांत नवे रूळही मिसळले जात. याच मार्गावरील काही सिग्नलांवर १८९५ साल आणि लिव्हरपूलचे नाव होते. म्हणून येथे १८९५ मध्ये गाडी होती, असा अर्थ होत नाही. अनेक तुकड्यांवरची साले टिपून घ्यावीत. सर्वांत जास्त वेळा आढळणारे साल काही सांगू शकेल, एकटे साल फारसे काही सांगणार नाही.

तुकडा उचलून आणण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. गाडी बंद असली तरी रूळ, सळया, बोल्ट ही रेल्वेच्या ताब्यातील मालमत्ता आहे, आणि ती विनापरवाना जवळ बाळगणे हा १९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) कायद्यान्वये गुन्हा आहे. हेतू चांगला होता, हे सांगून सुटका होत नाही. ग्रामपंचायतीने ठराव करून विभागीय रेल्वे व्यवस्थापकांकडे लेखी मागणी करावी. तोवर तुकड्याचा छायाचित्रासह तपशील, तो कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये व कोणत्या किलोमीटर दगडाजवळ आहे, असा नोंदवून ठेवावा. आवारात काही मांडायचेच असेल तर घरोघरी विचारून जाड पुठ्ठ्याची जुनी तिकिटे गोळा करावीत. त्यांवर स्टेशनाचे नाव, भाडे आणि अनुक्रमांक छापलेला असतो, तारीख ठोकलेली असते, आणि ती प्रवाशाच्या घरात राहिलेली असल्याने कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.